हौसेचं वजन चारशे किलो

हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल, पण वजन असतं. आठ फुटी पूल टेबलाच्या हौसेचं वजन साधारण चारशे किलो भरतं आणि ती घरात आणायला सहा दणकट माणसं, एक जाणता फिटर आणि घरच्यांची संमती लागते. आमच्या साडूभाऊंनी पहिल्या दोन गोष्टींची चोख व्यवस्था केली. तिसरी मागाहून मिळेल, असा त्यांचा अंदाज होता.

निवृत्त होताना माणसं काही ना काही ठरवतात. कोणी चारधाम करतो, कोणी पेटी शिकायला लागतो, कोणी सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. साडूभाऊंनी पूल टेबल ठरवलं. ‘पुण्याच्या पाण्यातच हा खेळ आहे’ हे त्यांचं जुनं मत. पुराव्यादाखल ते दोन नावं घेतात. विल्सन जोन्स १९२२ साली पुण्यात जन्मले आणि १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेला हा पहिला जगज्जेता. आणि पंकज अडवाणी? तोही १९८५ साली पुण्यातच जन्मला.

“जन्मला पुण्यात, पण शिकला बंगळूरला,” आमच्या थोरल्या मेव्हणीबाई, म्हणजे ताई, म्हणाल्या. “तेसुद्धा मोठ्या भावाच्या मागे पार्लरमध्ये जाऊन. आधी घरात टेबल आणलं आणि मग जगज्जेता झाला, असा एक जण दाखवा.”

साडूभाऊंना त्या क्षणी कोणी आठवलं नाही. पण आगाऊ रक्कम भरून झाली होती आणि भरलेली रक्कम परत न मिळणं हा मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातला सर्वांत भक्कम युक्तिवाद असतो. टेबल आलं.

टेबल येण्याआधी खोली मोजायची असते. आठ फुटी टेबलाची खेळायची जागा ४४ इंच बाय ८८ इंच. काठी, म्हणजे क्यू, ५८ इंचांची. चारही बाजूंना क्यू मागे घेता येईल एवढी जागा सोडायची तर साडेतेरा फूट बाय सतरा फुटांची मोकळी खोली लागते. मोकळी म्हणजे तिच्यात सोफा, टीव्ही, शोकेस आणि सासूबाई यांपैकी काहीही नको. साडूभाऊंच्या बावधनच्या रो-हाउसमधला हॉल लांबीला पुरला, रुंदीला फूटभर कमी पडला. त्या एका फुटाने घराची दिनचर्या बदलली. डावीकडच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटलेला बॉल मारायचा तर खिडकी उघडून क्यूचं बूड बाहेर काढावं लागतं. खिडकीखालून फिरायला जाणारे शेजारचे आजोबा आता त्या बाजूने जाताना छत्री उघडतात, ऊन-पाऊस नसला तरी. उजवीकडच्या मधल्या पॉकेटसाठी देवघराचं दार उघडावं लागतं. “अहो, जरा थांबा, माझी आरती चालू आहे,” असं आतून ऐकू आलं की बाहेर खेळ थांबतो. टाइम-आउटची ही तरतूद कुठल्याही नियमपुस्तकात नाही.

एवढं वजन कशाचं, असा प्रश्न टेबल पाहणारा प्रत्येक जण विचारतो, कारण दिसायला ते लाकडाचं असतं. हिरव्या कापडाच्या खाली दगड असतो. पूर्वी तिथे लाकूडच असे. ते ऋतूप्रमाणे फुगायचं, वाकायचं आणि बॉल स्वतःच्या मर्जीने जायचे. १८२६च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी लाकूड काढून पाटीचा दगड बसवला आणि तेव्हापासून चांगलं टेबल म्हणजे पाटीचं टेबल. साधारण इंचभर जाडीची ही पाटी आपल्या टेबलात तीन तुकड्यांत येते. लहानपणी पाटी पुसायचा ज्यांना मनस्वी कंटाळा होता, थुंकी लावून बाहीने पुसल्याबद्दल ज्यांनी मार खाल्ला होता, त्या साडूभाऊंना नियतीने साठीनंतर ४४ बाय ८८ इंचांची पाटी दिली आणि रोज पुसायला लावली. हिच्यावर थुंकी चालत नाही, आणि बाही तर मुळीच नाही.

तीन तुकडे जोडून एक सपाटी करणं ही खरी विद्या. फिटर आला तो पिशवीत पाणसळ, मेणाचा गोळा आणि चेहऱ्यावर कमालीची उदासी घेऊन. आपल्याकडच्या फरश्यांना मोरीकडे किंवा बाल्कनीकडे ढाळ दिलेला असतो, म्हणजे धुतलेलं पाणी आपोआप वाहून जातं. पूल टेबलाला हा सद्गुण चालत नाही. ढाळ असला की सोळाच्या सोळा बॉल बाल्कनीकडे ओढ घेतात. आधी पायांखालचे स्क्रू फिरवून टेबल सरळ करायचं, मग पाट्यांच्या सांध्यात पातळ पाचरी सारायच्या, मग सांध्यात वितळवलेलं मेण भरायचं आणि वर आलेलं मेण पात्याने खरवडून टाकायचं. पातळ पाचर म्हणून फिटर लोकांना पत्ता फार आवडतो. जाडी एकसारखी, चिरतो कमी, दबतो कमी. फिटरने पत्ते मागितले, नातवाने घरातला कॅट आणून दिला, फिटरने वरची काही पानं घेतली आणि पाटीखाली सारली.

दिवाळीत सगळे जमले तेव्हा कळलं की त्यात बदामाची सत्ती होती.

ज्या घरात तीन पिढ्या बदाम सत्ती खेळतात त्या घरातून बदामाची सत्ती जाणं ही घटना बाहेरच्याला समजणार नाही. डाव सुरूच होईना. साडूभाऊंच्या आई, म्हणजे आजी, म्हणाल्या, टेबल उचला आणि पत्ता काढा. साडूभाऊ म्हणाले, पत्ता काढला तर नैऋत्येचा पॉकेट एक मिलिमीटर खाली जाईल. नवा कॅट आणू म्हटलं तर आजींना तोच हवा, कारण तो त्यांच्या हाताला बसलाय. शेवटी पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल पेनने सात बदाम काढून काम भागवलं. तो पत्ता पाठीमागून ओळखू येतो, त्यामुळे आता प्रत्येकाला तो कोणाकडे आहे हे आधीच माहीत असतं आणि त्या घरातल्या खेळातला प्रामाणिकपणा वाढला आहे. टेबलाचा हा एकच सामाजिक फायदा माझ्या पाहण्यात आहे.

सपाटीनंतर कापड. लांबून जे फक्त हिरवं दिसतं, त्याच्या जवळ गेलं की लोकरीचा आणि नायलॉनचा धागा दिसतो. बेल्जियममध्ये व्हेर्व्हिए नावाच्या गावी सिमोनिस मंडळी १६८० पासून लोकरीचं कापड विणत आली आहेत. म्हणजे शिवाजीमहाराज ज्या वर्षी गेले त्या वर्षापासून. ही माहिती साडूभाऊ प्रत्येक पाहुण्याला देतात आणि पाहुणा नकळत ताठ उभा राहतो. एवढ्या परंपरेचं कापड झाडायला केरसुणी चालत नाही. घोड्याच्या केसांचा खास ब्रश लागतो. तो टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, एकाच दिशेने फिरवायचा. गोल फिरवायचा नाही, मागे-पुढे घासायचा नाही. कुशनच्या खाली खडूची भुकटी साठते, ती आधी बाहेर ओढायची. स्नूकरच्या कापडाला तर लव असते आणि लवेच्या दिशेनेच हात फिरवावा लागतो. पूलच्या कापडाला ती नसते, पण साडूभाऊ तिच्या अपेक्षेने ब्रश मारतात.

कामाच्या मावशींना हे सगळं समजावून सांगण्यात आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण दादा, ओल्या फडक्याने एकदा पुसून घेतलं तर?” साडूभाऊंनी खुर्ची धरली. लोकर पाणी पिते, आखडते, सुरकुतते, आणि एकदा डाग पडला की तो डाग कापडाच्या वारसांनाही मिळतो. मावशींना टेबलाच्या चार फुटांच्या आत ओलं काहीही आणायला बंदी झाली. मावशी तेवढा भाग आता पुसतच नाहीत. हॉलच्या मध्यभागी फरशीचा एक आयत आहे, त्याला गेल्या पाडव्यापासून पाणी माहीत नाही. ताईंनी याबद्दल टेबलाला जबाबदार धरलं आहे, मावशींना नाही.

भिंतीवर पाट्या लागल्या. पुणं असल्यामुळे त्या लागणारच होत्या. ‘टेबलावर चहाचा कप ठेवू नये. रिकामाही.’ ‘टेबलाच्या काठावर बसू नये. आपलं वजन आपल्याजवळ ठेवावं.’ ‘खेळण्याआधी हात धुवावेत. भजी खाल्ली असल्यास दोनदा.’ ‘खडू उताणा ठेवावा. पालथा ठेवणाऱ्याने ब्रश मारावा.’

या शेवटच्या पाटीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. क्यूच्या टोकाला जो निळा खडू लावतात तो शाळेतला खडू नव्हे. क्यूच्या टोकाला चामड्याची टोपी असते. ती फ्रान्सच्या मँगो नावाच्या कॅप्टनने १८०७च्या सुमारास बसवली. कॅप्टन तेव्हा कैदेत होता आणि तुरुंगातल्या टेबलावर सराव करत होता. सुटकेचा दिवस आला तेव्हा अभ्यास पुरा व्हायचा आहे, अजून थोडे दिवस राहू द्या, असा त्याने अर्ज केला, असं सांगतात. चामडं गुळगुळीत झालं की बॉलवरून घसरतं, म्हणून खडू. १८९७ साली स्पिंक्स नावाचा अमेरिकन खेळाडू आणि हॉस्किन्स नावाचा रसायनतज्ज्ञ यांनी मिळून आजच्या खडूचं पेटंट घेतलं. त्यात वाळूतली सिलिका आणि कुरुंदाची पूड असते. थोडक्यात, तो रंगीत पॉलिश पेपर आहे. पालथा पडला तर लाकडावर निळा शिक्का, कापडावर सांडला तर बॉलच्या खाली कानस. तो कपाळाला गंध लावावं तसा हलक्या हाताने लावायचा. पाहुणे मात्र खडूच्या खळग्यात क्यू घालून गरागरा फिरवतात. मुलं तर तेवढ्यासाठीच क्यू हातात घेतात. त्या घरातल्या कुठल्याही पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर निळा पंजा सापडेल आणि आजींच्या हरिपाठाच्या पुस्तकावर नातवाच्या अंगठ्याची सहीही.

क्यूची निगा वेगळीच. मेपलच्या लाकडाचा, सरळ सुतासारखा. भिंतीला टेकवून ठेवला की आपल्याच भाराने हळूहळू वाकतो, म्हणून स्टँडमध्ये उभा ठेवायचा. टेबलावर आडवा ठेवून लोळवला की तो सरळ आहे की नाही ते कळतं. साडूभाऊंनी एकदा असा लोळवून पाहिला तर क्यू उड्या मारत गेला. चौकशी बसली. निष्पन्न असं झालं की मागच्या खोलीत छताला कपडे वाळत घालायच्या ज्या दांड्या आहेत, तिथली काठी मोडल्यापासून आजी आपलं नऊवारी त्या क्यूने वर चढवत होत्या. “चांगली आहे की रे काठी,” त्या म्हणाल्या. “टोकाला चामडं आहे, लुगडं घसरत नाही.” कॅप्टन मँगोच्या संशोधनाची इतकी नेमकी कदर पॅरिसमध्येसुद्धा झाली नसेल.

बॉल धुणं हा रविवारचा कार्यक्रम. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. घासायचं नाही, बुडवून ठेवायचं नाही, ओले परत टेबलावर ठेवायचे नाहीत. हाताचं तेल आणि खडूची भुकटी बॉलवर चढली की ते कापडावर उतरतात, आणि कापड लवकर म्हातारं होतं. आजकालचे चांगले बॉल फिनॉलिक रेझिन नावाच्या कडक प्लास्टिकचे असतात. पूर्वी ते हस्तिदंताचे असत आणि त्यांच्यासाठी हत्तीला मरावं लागे. हस्तिदंत परवडेना, तेव्हा १८६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका टेबलवाल्या कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. जॉन वेस्ली हायट नावाच्या माणसाने सेल्युलॉइडच्या मार्गाने पर्याय काढला. फक्त त्यात एक खोट राहिली: बॉल जोरात आपटले तर कधीकधी बारीकसा स्फोट व्हायचा. कोलोरॅडोतल्या एका सलूनमालकाने हायटला पत्र लिहून कळवलं, की मला स्फोटाचं काही वाटत नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल काढतो.

ही गोष्ट ऐकल्यावर ताई म्हणाल्या की आमच्याकडे बॉल न आपटताही तेवढंच वातावरण असतं.

त्याला कारण होतं. साडूभाऊ गावाला गेले असताना आजींनी सोळाही बॉल चिंच-मीठ लावून, नारळाच्या शेंडीने लख्ख घासले होते. देवाच्या उपकरण्यांबरोबर ते उन्हात वाळत होते. हेतू शंभर टक्के चांगला. बॉलवरची चमक गेली आणि आठ नंबरचा काळा बॉल थोडा करडा झाला. “पोरा, किती कळकट झाले होते रे,” असं म्हणणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आईपुढे फिनॉलिक रेझिनच्या गुणधर्मांवर बोलता येत नाही.

आता पावसाळा. सर्व टेबलमालकांचं खरं वैर पावसाशी आहे आणि गंमत अशी की या घराण्यातला एक खेळ पावसानेच जन्माला घातला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये पावसाळ्याचे लांबलचक दिवस काढताना नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने – पुढे पंतप्रधान झाला तो वेगळा – निरनिराळ्या खेळांची भेसळ करून स्नूकर काढला. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लागले. बाहेर धो धो पाऊस, आत साहेब लोक रंगीत बॉल मारताहेत, हे चित्र इतिहासात आहे. पण जबलपूरच्या त्या पावसात कापड कोरडं कोणी ठेवलं? हवेतलं पाणी लोकर शोषून घेते, बॉल जड पळतो, मारलेला शॉट पॉकेटच्या तोंडाशी येऊन विसावतो. तिथे बॉल पळत होता याचा अर्थ कोणीतरी रोज त्या कापडाची सेवा करत होतं. तो मार्कर होता. आपल्याकडच्या प्रत्येक क्लबात मार्कर असतो: गुण मांडतो, बॉल रचतो, ब्रश मारतो, स्नूकरच्या कापडाला खास इस्त्री करतो, साहेबाचा खडू पडला तर उचलून देतो. चेंबरलेनचं नाव राहिलं; मार्करचं कोणी लिहून ठेवलं नाही. साडूभाऊंना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते टेबलाखाली होते.

टेबलाखाली ते दिवे लावत होते. मोठ्या स्पर्धांच्या स्नूकर टेबलांना पाटीखाली विजेचे हीटर असतात, हे त्यांनी वाचलं होतं. घरगुती उपाय म्हणून त्यांनी टेबलाखाली चार जुने साठ वॅटचे बल्ब टांगले. “अंडी उबवायला ठेवलीत का?” आजींनी विचारलं. त्या उबेचा टेबलाला काय फायदा झाला ते कळलं नाही, पण गल्लीतली मांजर जी आली ती श्रावण संपेपर्यंत तिथून हलली नाही. साडूभाऊंनी तिला हाकलायचा प्रयत्न केला, पण टेबलाला शेक द्यायची पद्धत फार जुनी आहे, असं सांगून मी मांजरीची बाजू घेतली. पूर्वी रबराची कुशनं थंडीत दगड व्हायची, तेव्हा डाव मांडण्याआधी गरम पाण्याची भांडी लावून ती शेकावी लागत. १८४०च्या दशकात रबर पक्कं करायची युक्ती निघाली आणि ती भांडी गेली. भांडी होती तेव्हा तिथेही मांजर असणारच.

पावसाळा संपतो तो कसर लागते. लोकर म्हटली की कसर आली. ट्रंकेतल्या शालींना जो उपाय, तोच टेबलाला, असं म्हणून ताईंनी सहाही पॉकेटांत डांबरगोळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी धाकट्या नातवाने त्या बाहेर काढून क्यूने मारायला घेतल्या. पांढऱ्या, गोल, आणि आकाराने त्याच्या वयाला साजेशा. त्याच्या मते तोच खरा खेळ होता आणि मोठ्यांचे बॉल उगाच अवजड होते.

एवढं करून टेबल झाकून ठेवायचं असतं. रेक्झिनचं कव्हर घातलं की ऊन, धूळ, मांजर या सगळ्यांपासून बचाव होतो. पण कव्हर घातलं की ते घरातल्या इतरांना नुसतं टेबल वाटायला लागतं. आणि टेबल रिकामं ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही. आधी वर्तमानपत्र येतं. मग विजेचं बिल. मग कुरिअर. मग लग्नातून आलेले आहेर, लॉन्ड्रीचं गाठोडं, नातवाचं विज्ञानाचं मॉडेल. उन्हाळ्यात ताईंनी त्यावर प्लॅस्टिक पसरून साबुदाण्याचे पापड घातले, कारण संपूर्ण घरात पाणसळीत असलेली ती एकमेव जागा; पापडाची खीर एका बाजूला वाहत जात नाही. इस्त्रीसाठी तर इतकी सपाट, मऊ आणि ऐसपैस जागा मिळणं कठीण. गणपतीत मखर तिथेच बसलं. सोळा फळं, पाच खाऊचे डबे आणि सव्वा फुटी मूर्ती यांच्या खाली बेल्जियमचं कापड दहा दिवस मुकाट पडून होतं. ‘काठावर बसू नये’ ही पाटी तेव्हा काढून ठेवावी लागली. बाप्पांना ती लागू करणं बरं दिसेना.

काही वर्षांनी कापड बदलावं लागतं. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारताना पांढरा बॉल कापडावरून इतका घसटत जातो की घर्षणाने कापड भाजून पांढरे ठिपके पडतात. ठिपक्यांची रांगोळी झाली की फिटरला बोलावायचं. फिटर मिळणं सोपं नसतं. क्लबांच्या स्पर्धा असल्या की तो तिकडे, लग्नसराईत तो गावाकडे. आला की टेबलाभोवती एक फेरी मारतो, कापडावरून तळहात फिरवतो आणि न बोलता साडूभाऊंकडे पाहतो.

“वाफेची इस्त्री कोणी केली इथे?”

साडूभाऊ ताईंकडे पाहतात. ताई खिडकीकडे पाहतात.

“आणि हे पिठूळ काय आहे?”

“साबुदाणा,” आजी अभिमानाने सांगतात. “यंदा फुलले हो छान.”

मग कुशनं सुटतात, पिना एकेक करून उपटल्या जातात, जुनं कापड निघतं आणि पाटी उघडी पडते. काळीभोर, गार, अक्षर न उमटलेली. नवं कापड ताणायचं: सैल राहिलं तर बॉल रेंगाळतो, जास्त ओढलं तर पॉकेटच्या तोंडाशी चिरतं. सबंध दिवस जातो. त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. फिटरने काढलेलं जुनं कापड मात्र वाया गेलं नाही. आजींनी त्याचे आसन, दूध-दही झाकायची फडकी आणि नातवाच्या नाटकातल्या पोपटाचे पंख शिवले. ‘पाटीखालचा पत्ता दिसतोय का बघ,’ असंही त्यांनी फिटरला विचारून पाहिलं. फिटरने पाणसळ लावली, मान हलवली आणि सत्ती जागेवरच राहिली.

आता प्रश्न उरतो खेळाचा. खेळ होतो, पाहुणे खेळतात. रविवारी संध्याकाळी साडूभाऊंच्या ओळखीतले, ओळखीतल्यांच्या ओळखीतले आणि केवळ बावधनमध्ये राहतात एवढ्या पात्रतेवर आलेले लोक जमतात. ते क्यू भाल्यासारखे धरतात. ते ब्रेक मारतात आणि बॉल सोफ्याखाली जातो. साडूभाऊ तो काढतात, फडक्याने पुसतात, जागेवर ठेवतात. ते त्रिकोणी चौकटीत बॉल रचतात, गुण मांडतात, पालथा पडलेला खडू उताणा करतात, कोणी टेबलावर पालथं पडून शॉट मारायला लागलं की त्याच्या शर्टाची बटणं कापडाला लागू नयेत म्हणून पोटाखाली हात धरतात. मधे भजी येतात. साडूभाऊ ओले टिश्यू घेऊन फिरतात. सगळे गेले की ब्रश. आधी कुशनखालचं, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ, एकाच दिशेने. गेल्या रविवारी कोणाबरोबर तरी आलेल्या एका सज्जन गृहस्थांनी जाताना त्यांच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. “टेबल फार छान ठेवता तुम्ही,” ते म्हणाले. “मालकांना सांगा.”

साडूभाऊंनी नोट परत केली नाही, हे नोंदवण्यासारखं आहे. ताईंच्या मते टेबलावर झालेल्या खर्चापैकी वसूल झालेली ही पहिली रक्कम.

तुम्ही स्वतः कधी खेळता, असं मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहून मला गाडीत बसायला सांगितलं. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीतल्या पहिल्या मजल्यावरच्या पार्लरमध्ये आम्ही गेलो. तिथे ते आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तासाच्या भाड्याने खेळतात. मी थक्क होऊन पाहत राहिलो. आत शिरल्याबरोबर त्यांनी क्यू भिंतीला टेकवून ठेवला. समोसा खाल्ला आणि हात पँटला पुसले. खडूच्या खळग्यात क्यू घालून गरागरा फिरवला आणि खडू पालथा टाकला. लांबचा शॉट आला तेव्हा एक मांडी टेबलाच्या काठावर टाकून आरामात बसले. चेहऱ्यावर असा आनंद, की जो मी बावधनच्या त्या हॉलमध्ये एकदाही पाहिला नव्हता. शॉटही छान गेला.

कोपऱ्यातल्या स्टुलावरचा मार्कर उठला. त्याने खडू उताणा केला, टेबलाच्या काठावरून समोशाचा चुरा झटकला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, “काका, जरा आपल्या घरचं टेबल समजून खेळा की.”

“घरचं समजलो असतो,” साडूभाऊ पुढच्या बॉलवर नेम धरत म्हणाले, “तर खेळलो असतो का?”